रकाना अकरा

एप्रिलच्या तेरा तारखेला बर्फ आडवा पडत होता.
वरून खाली नव्हे, आडवा,
कुंपणाच्या तारांवर पांढरी भिंत लिंपत.
गाई वाऱ्याकडे पाठ करून चालत राहिल्या,
कुंपण लागलं, तर त्या भिंतीवरून,
मग टेकड्या उतरून, मग ओढ्यात.
लार्कस्पर काउंटीत त्या दिवशी
कुणालाच स्वतःचा गोठा दिसला नाही.

मेमध्ये आमच्या कचेरीत खुर्च्या कमी पडल्या.
पोस्टाशेजारचं बसकं विटांचं घर,
दारावर सरकारी शिक्का
आणि खाली माझ्या हातची पाटी : बूट पुसा.
मी विचारत जाते.
किती?
अडीचशे पौंडांच्या आत की वर?
मेल्याचा पुरावा?
कुणी फोनमधले फोटो पुढे करतं,
कुणी मढी उचलणाऱ्या ट्रकची पावती.
व्हर्लिन हाव्हलिचेकनं खिशातून
कानांतले पिवळे बिल्ले काढले, सव्वीस,
आणि कवड्या ओताव्यात तसे टेबलावर ओतले.
एकावर अजून केस होते.

बाजारभावाच्या पंचाहत्तर टक्के मिळतात.
"आणि उरलेले पंचवीस?"
कुणीतरी विचारतंच.
ते तुमचे, मी म्हणते.

माझ्या नवऱ्याची फाइल मला उघडता येत नाही.
ती शेजारच्या काउंटीत जाते, चाळीस मैल,
तिथली डोरीन ती बघते,
मी तिच्या दिराची बघते.
रात्री जेवताना आम्ही दोघं हवेबद्दल बोलतो,
आकड्याबद्दल नाही.
तसा आकडा लपत कुठे? यादी सगळ्यांना खुली,
आणि सकाळच्या कॉफीला तो आपल्याआधी पोचलेला असतो :
क्लिफर्डला एवढे? त्याची जनावरं तर टेकडीआड होती.
बायकोनं नवी गाडी घेतली म्हणे.
(जुनीच होती. धुतली होती.)

ऑगस्टमध्ये आर्डिस टोलेफसन आली.
एक्क्याऐंशी वर्षांची, बूट पुसून,
पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून.
एकोणीस वासरांचे पैसे जुलैतच जमा झाले होते.
म्हणाली, त्यातलं एक परत आलंय.

श्रेडरांच्या कळपात होतं, ओढ्यापलीकडे,
दुसरीच्या आचळाला चोरून लागून वाढलेलं.
कान गारठून गळून गेलेत,
म्हणून बिल्ला नाही.
पण कपाळावरचा तो वाकडा ठिपका
माझ्या गाईचा आहे, तिच्या आईचाही होता.
तर त्या एकाचे पैसे परत घ्या.

मी दुरुस्तीचा फॉर्म काढला.
रकाना अकरा, कारण, खूण करा :
हिशेबाची चूक. दुबार नोंद.
खोटी माहिती. अर्जदाराचा मृत्यू.
आर्डिसनं चष्मा पुसून चारही वाचले.
'चूक'वर बोट ठेवलं, उचललं.
"चूक कशी? मी दोनदा मोजली,
बर्फात काठी खुपसून खुपसून."
मग शेवटच्या कारणाकडे बघत म्हणाली,
"याला थोडा वेळ आहे अजून."

मी समासात हातानं लिहिलं : जिवंत.
समास कॉम्प्युटर वाचत नाही.
ऑक्टोबरात लिंकनहून कागद परत आला,
स्पष्टीकरण द्या, पुरावा जोडा.

शनिवारी कॅमेरा घेऊन गेले.
कानांवाचून डोकं इतकं लहान दिसतं,
जसं काही अजून पुरतं घडवायचं राहिलंय.
आर्डिसनं बादली वाजवली, ते वळलं,
मला पाहिलं, आणि शेपटी उभारून
सगळ्या कुरणभर उधळलं.

मेलेल्यांचे फोटो नेहमी स्वच्छ येतात.
हा हलला.
एका कोपऱ्यात तपकिरी रेघ, उरलेलं गवत.
तोच जोडला.